आवाज करणारी डिस्क

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरचे काका स्पीकर चालू ठेवून बर्लिनच्या मुलीशी बोलत होते.

“कीर्ती, दुसरी हार्ड डिस्क बसवली गं, पण कॉम्प्युटर तिला ओळखतच नाही.”

“आल्झो, बरं पप्पा, केबल नीट बसलीय?”

“बसलीय. आतून घरघर ऐकू येते. स्क्रीनवर मात्र जुनी एकटीच.”

“मग नवीला अजून ड्राइव्हचं अक्षर दिलं नसेल. फॉरमॅट करा, डी द्या. कोरीच आहे ना?”

“कोरीच आहे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर, मग दिसेल. पण जुनी अजून अर्धी रिकामी आहे, पप्पा! दुसरी कशाला आणलीत?”

“असू दे.”

“आणि आणायचीच होती तर एसएसडी आणायची. तिचा अजिबात आवाज होत नाही.”

“दुकानदारही तेच म्हणाला.”

“मग?”

“म्हटलं, आवाज करणारीच द्या.”

“काय पप्पा! आई असती तर ओरडली असती, बंद करा ती घरघर म्हणून.”

“हो ना. ओरडली असती.”





“पप्पा, शनिवारी येते मी. बघते काय झालंय ते.”

“ये. पण नाही दिसली तरी चालेल गं. ऐकू येते.”