आत्याबाईंचा उजवा डोळा

मला एक सांगा, लाकडाला भोक पाडल्यानं माणूस मरतो का हो?

नाही ना? दहावी पास बाई आहे मी, मलाही कळतं की नाही मरत! पण आमच्या मिरजगावातल्या आमच्या गल्लीला हे कोण सांगणार? अहो, दळण घेऊन निघाले की समोरच्या बायका पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळायच्या. का, तर मी त्यांचा चेहरा बघून ठेवीन म्हणून! आता गिरणीच्या रस्त्यावर चालताना चेहरे बघायचे नाहीत तर काय पाय बघत जायचं? तुम्हाला सांगते, मी आपली लाकूड कापते, बाकी माझ्या हातात काय आहे?

हे सगळं त्या मशीनमुळं झालं. माझा भाऊ राम, राहात्याला फर्निचरचं दुकान आहे त्याचं, त्यानं कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन घेतलं आणि जुनं मला दिलं. म्हणाला, "ताई, भंगारात घालण्यापरीस तू घे, तुझा हात शिलाईत बसलेला आहे." आणि खरंच हो, शिलाई मशीनसारखंच ते! फक्त सुईच्या जागी करवतीचं पातं, दोऱ्याएवढं बारीक, ते खाली-वर खाली-वर नाचतं, आणि आपण फळी फिरवायची, झंपराचा गळा कापताना कापड फिरवतो तशी. मी मोर कापले, देव्हाऱ्याची जाळी कापली, दारावरचं 'सुस्वागतम्' कापलं... गल्लीभर वाटलं! तेव्हा कुणी मेलं नाही. तेव्हा "रुपालीताई, आम्हाला पन एक मोर," असं होतं. मोर कापत बसले असते तर आज सुखात असते. पण मला हौस ना... माणसं कापायची!

म्हणजे माणसांचे चेहरे हो. फोटोवरून.

त्याचं असं असतं, फोटोचा कागद फळीवर चिकटवायचा, जिथं जिथं काळं तिथं तिथं लाकूड कापून काढायचं आणि मागं काळं कापड लावायचं. लांबून बघितलं की साक्षात माणूस! केस जमतात, मिशी तर लईच छान जमते, पण डोळा... डोळा फार वाईट. डोळ्याच्या कडेनं सगळीकडून कापलं की अख्खा डोळा टप्‌कन खाली पडतो! कोपऱ्यात एक दांडा राखावा लागतो, शेवईएवढा, त्याच्यावर डोळा लटकतो. माझे पहिले चार डोळे फरशीवर पडले. मग मी काय केलं, सरळ डोळे मिटवून टाकले. एक कमानीचा काप इकडं, एक तिकडं, झालं! शांत, समाधानी चेहरा. वर फुलांची चौकट. आता मिटलेले डोळे, शांत चेहरा आणि भोवती फुलं, हे भिंतीवर कसं दिसेल, हा विचार तुम्ही लगेच केलात... माझ्या डोक्यात नाही आला बघा!

पहिला चेहरा सहादेवमामांचा. आमच्याच गल्लीतले, वय वर्षं एक्याण्णव. वाढदिवसाला नेऊन दिला. मामा खूश. "म्या झोपल्यावर असा दिसतो व्हय गं?" म्हणाले. भिंतीवर लावला, तर संध्याकाळी पाव्हणे आले ते चपला काढून त्या चेहऱ्याला हात जोडून उभे राहिले, आणि मागून मामा म्हणतात, "बसा, चहा टाकलाय." गुरुवारी चेहरा दिला, रविवारी मामा गेले. एक्याण्णव वर्षांचे होते हो! दोनदा डॉक्टरांनी सांगून झालं होतं! त्यांचा मुलगा गोरक्ष दहाव्याला सगळ्यांदेखत मला म्हणतो, "काकू, तुमचे लई उपकार. फोटो आधीच तयार हुता म्हनून धावपळ झाली न्हाई." आधीच! हा 'आधीच' शब्द सगळ्या मांडवानं ऐकला. मी आपली लाकूड कापते हो...

दुसरे भिमाजी. सरकी-पेंडीचं दुकान आहे त्यांचं हायवेला. बावन्न वर्षांचा गडी, नवं दुकान टाकलं, म्हणाले, "वहिनी, गल्ल्याच्या वर मी पायजे." मी दिले करून. गल्ल्याच्या वर देव, देवाच्या शेजारी भिमाजी. दुकानातला माणूस रोज देवाला उदबत्ती लावायचा, तिचा धूर दोघांना सारखाच! आठव्या दिवशी भिमाजी मोटारसायकलवरून घसरले. मांडीचं हाड. नगरला दवाखान्यात नेलं. आणि हे कळलं म्हणून त्यांच्या सासूबाई निघाल्या, त्या एसटीतून उतरल्या ते थेट दुकानात... आणि समोर काय? डोळे मिटलेले जावई, फुलं, उदबत्ती! अहो, त्या माउलीनं जो हंबरडा फोडला... "आरं माझ्या वाघा, मला तोंड तरी दाखवायचं हुतंस रं!" निम्मा बाजार गोळा झाला. तिकडं वाघ दवाखान्यात डाळिंब सोलून खातोय! महिन्यानं कुबडी घेऊन आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून चेहरा माझ्या हातात दिला. "वहिनी, तुमची कला लई भारी. पन ती तुमच्याच घरी ठिवा."

झालं. त्या दिवसापासनं मी मशीन चालू केलं की गल्ली गप्प व्हायची. भांड्यांचा आवाज बंद, रेडिओ बंद. आणि कुठल्या तरी खिडकीतून हळूच, "आज कुनाचा नंबर गं?" शेजारची चांगुणा, माझी एवढ्या वर्षांची मैत्रीण, तिनं माझ्यादेखत मोबाइलमधला स्वतःचा फोटो काढून टाकून त्या जागी गुलाबाचं फूल लावलं! पुतण्याच्या लग्नात फोटोवाल्याच्या जवळून मी नुसती गेले, तर नवरीची मावशी म्हणते, "दादा, कॅमेरा झाका."

आणि ह्याहून वाईट सांगू का? एक दिवस भर दुपारी कल्याण आला. चांगला सालस माणूस, बांधाला बांध लागून शेत. पाणी प्यायला, इकडंतिकडं बघितलं, आणि खिशातून एक फोटो काढून टेबलावर पालथा ठेवला. "काकू, आमच्या थोरल्या भावाचा हाय. घाई न्हाई... पन दिवाळीच्या आत झालं तर बरं." मी म्हटलं, "वाढदिवस आहे का?" तर म्हणतो, "न्हाई... बांध कोरतो, दर साली आमच्या रानात सरकतो." माझ्या अंगावर काटा आला हो! हा माणूस माझ्याकडं हसत बघतोय, आणि तो फोटो टेबलावर पालथा पडलाय, मला वाटलं तो फोटोच श्वास घेतोय. मी चिमट्यानं उचलून त्याला परत दिला. पण तो गेल्यावर मी ते टेबल दोनदा पुसलं. मनात आलं... खरंच असेल तर?

मशीनवर चादर टाकली. म्हटलं बास.

तर आत्याबाई! म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई, वय एक्याऐंशी. त्या खाटेवरून म्हणतात, "रूपे, ती चादर काढ. माजं तोंड कर."

मी म्हटलं, "आत्या, अहो काय बोलता?"

"का? सगळ्या गावाची तोंडं केली, सासू तेवढी जड झाली?"

"लोक काय म्हणतात ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं की. म्हनून तर. मी मेल्यावर तुमी तो आधार कारडावरचा फोटो मोठा करून लावताल. त्यात मी कोंबडीचोरावानी दिसते. नातवंडांनी जन्मभर ते तोंड बघायचं? मला माजं तोंड माज्या डोळ्यांनी बघून जायचंय. आन् ऐक, डोळे उघडे पायजेत. मी काय झोपाळू बाई न्हाई."

आता बघा, ह्या बाईनं मला लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी थापायला शिकवली ती हातावर हात ठेवून. माझी दोन्ही बाळंतपणं काढली. तिनं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती नेमकी ही! दिली तर सासूला मारणारी सून, नाही दिली तर मेल्यावर भिंतीवर कोंबडीचोर. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "कर. पन कांदा निघू दे, मग कर." आईचाच प्रश्न, आणि माणूस कांद्याचं बघतो!

मी कामाला लागले. सागाची फळी घेतली. केस झाले, कपाळ झालं, नाकातली नथ झाली, सुरकुत्या तर एकेक करून दोन महिने कापल्या. डावा डोळा झाला, उघडा, दांड्यावर नीट लटकलेला. आणि उजव्या डोळ्यापाशी मी थांबले. माझ्या मनानं घेतलं की जोवर हा डोळा राहिलाय, तोवर आत्याबाई आहेत. हसू नका. तुम्ही त्या खुर्चीवर बसला असता तर तुम्हीही मशीनला तेल घालत बसला असता! आज पातं बोथट आहे, उद्या लाईट नाही, परवा अमावस्या...

आणि ही गोष्ट फुटली. सगळ्या गावाला कळलं की उजवा डोळा राहिलाय! दूधवाला विचारायचा, "झाला का डोळा?" ग्रामपंचायतीचा शिपाई पाणीपट्टी मागायला आला, जाताना हळूच, "डोळा?" आमच्या नणंदबाई, रेश्माताई, कोपरगावला शाळेत नोकरीला, त्यांचा रोज फोन. "वहिनी, डोळा कापायच्या आधी चार दिवस सांगा हां, मला रजा टाकावी लागते. आणि परीक्षेच्या आठवड्यात नका कापू." लोक आत्याबाईंना भेटायला यायला लागले. केळी, बिस्किटं, पाया पडणं, "काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला." पहिले पंधरा दिवस आत्याबाईंनी केळी खाल्ली. मग कंटाळल्या. एकदा चांगुणा पाया पडून रडायला लागली तर म्हणाल्या, "चांगुने, तुज्याकडं माजी परात हाय, ती आदी आन, मग रड."

शेवटी एका शनिवारी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "रूपे, माज्यासंगं आता कुनी साधं बोलत न्हाई. सगळी माज्याकडं अशी बघत्यात, जशी मी भिंतीवरच लटकलीया. उद्या काप. जे व्हायचं ते हू दे."

रविवारी कापायचं ठरलं. आणि रविवारी दुपारपर्यंत माणसं यायला लागली. रेश्माताई आल्या, बॅगेत एक नवी फिक्या रंगाची साडी, घडी न मोडलेली. दहाव्याला नेसतात तसली! मी ती उचलून कपाटात तळाशी ठेवली. त्यांचे मिस्टर, मुलं, कर्जतचे चुलतदीर, करमाळ्याची आत्याबाईंची बहीण. कुणी तरी 'न्यायला लागलं तर' म्हणून टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो बाहेर झाडाखाली गाडीतच बसलेला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी मशीनपुढं बसले, आणि माझ्या शेजारी पाटावर, लुगड्याचा पदर नीट घेऊन, आत्याबाई. हातात अडकित्ता, सुपारी कातरताहेत.

बारीक भोक पाडलं. पातं त्यातून ओवलं, वर आवळलं. बटण दाबलं. टर्रर्रर्र... पापणीची वरची रेघ झाली. खालच्या रेघेला वळण घेतलं, माझ्या कपाळावरून घाम नाकावर, पुसायला हात मोकळा नाही... आणि टण्ण्! पातं तुटलं!

सगळ्या खोलीनं एकदम आत्याबाईंकडं बघितलं. बहिणीनं तर "साळे!" म्हणून हातच पुढं केला.

आत्याबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "काय झालं? मी हाय. दुसरं पातं न्हाई का गं?"

होतं. लावलं. मला आता माणसं दिसत नव्हती, फक्त ती शेवईएवढी जागा दिसत होती. ही तुटली तर डोळा गेला, आणि डोळा गेला तर... मी आपली लाकूड कापते, लाकूड कापते, असं मनात म्हणत म्हणत मी फळी वळवली. बुबुळाचा गोल तुकडा सुटला, खाली पडला, दरवाजापर्यंत घरंगळत गेला, आणि त्याच्या वाटेतनं सगळ्यांनी पाय वर घेतले! पण डोळा राहिला. दांड्यावर राहिला! उघडा!

मी भुसा फुंकला, मागं काळं कापड धरलं आणि फळी आत्याबाईंच्या पुढं उभी केली. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. मग आत्याबाईंनी बोट उचललं आणि त्या लाकडाच्या गालावरून फिरवलं, एका सुरकुतीवरून, दुसऱ्या सुरकुतीवरून. म्हणाल्या, "बरी हाय की मी. मला कधी कुनी सांगितलंच न्हाई."

माझ्या डोळ्याला पाणी आलं हो. रेश्माताईंना हुंदका फुटला. आणि तो हुंदका ऐकून बाहेरच्या टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली!

ह्यांनी पळत जाऊन त्याला थांबवलं. पण जायला कुणी तयार होईना. दिवे लागले, आत्याबाई दीड भाकरी जेवल्या, वांग्याची भाजी मागून घेतली, आणि सगळे त्यांच्या घासाकडं बघत बसले. करमाळ्याची मावशी म्हणाली, "आता आल्यासारखं सकाळपर्यंत थांबू." रेश्माताई म्हणाल्या, "माझी तर गुरुवारपर्यंत रजा आहे." मी सतरंज्या काढल्या, उशा पुरेनात म्हणून धान्याची पोती लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठल्या, आंघोळ करून ओट्यावर बसल्या, आणि मी सतरा माणसांचा चहा टाकला.