वाक्य केल्याबिगर ठेचा नाय

मी पैठणकडची. चौथीपर्यंत शिकले, पुढं गावात शाळाच नव्हती. बाप रोजंदारीवर जायचा, त्याला अक्षर येत नव्हतं, पण चावडीवरचा शिळा पेपर आणायचा अन् म्हणायचा, वाच, अडलं तिथं बोट ठेव, उद्या मास्तरला इचार. काय सांगू तुम्हाला, बोट कुठं थांबलं ते बरोबर ध्यानात ठेवायचा.

बारा वर्षं झाली, शहरातल्या गारखेड्यात पोरींच्या होस्टेलवर स्वयंपाक करते. समद्या खेड्यातल्या, सरकारी नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या. मालक सरच त्यांचा क्लास घेतात, शब्दांच्या याद्या पाठ करायला देतात. पाठ केलेलं आठ दिवसांत जातं, मी बघितलंय ना. म्हणून मी नेम घातला. ताटाखाली पेपर असतोच, त्यातला न कळलेला एक शब्द धरायचा, अर्थ शोधायचा अन् आपल्याच जगण्यातलं वाक्य करायचं. वाक्य झालं की ठेच्याची वाटी तिच्याकडं.

गेल्या साली जालन्याकडची संगीता आली. क्लासात म्हणाली, सर, हे लई अवघड हाय. पोरं हसली, सरबी हसले, म्हणाले, ही भाषा घरी ठेवून या. तवापासून पोरीनं तोंड उघडलं नाय. चौथ्या दिवशी बॅग भरून जेवायला बसली, दुपारच्या गाडीनं चालली होती. मी म्हटलं, जा बाई, पण आजचा शब्द करून जा. तिच्या ताटाखाली निघाला मज्जाव. शेजारणीनं मोबाईलवर बघून सांगितलं, मनाई.

तेवढ्यात सर दारात आले, म्हणाले, मावशी, पोळ्या लाटा, शिकवायला आम्ही आहोत, उद्यापासून हे बंद, नाही तर दुसरी बाई बघतो. मी म्हटलं, बघा, तिलाबी नेम समजावून जाईन. पोरी खाली बघायला लागल्या. संगीता मात्र उठली, हात खरकटाच, म्हणाली, सर, माझ्या आईच्या बोलीला तुमच्या क्लासात मज्जाव का?

सर आल्या पावली मागं गेले. मी वाटी सरकवली.

बॅग परत कॉटखाली गेली. संगीता एकदा नापास झाली, पुन्हा बसलीय, आता क्लासात पहिला प्रश्न तिचाच असतो. मला सर कधीबी काढतील, काढू द्या. परवा मी तापानं पडले होते, तर पोरींनी आपल्या हातानं भाकरी थापल्या अन् एकेक वाक्य करूनच जेवल्या. सुखी राहा म्हणावं त्यांना, अन् कुणी हसलं तर आणखी मोठ्यानं बोला.