बर्फातलं शेवाळ

“आता सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” काका म्हणाले.

ऑपरेशन थिएटरबाहेर ते पुतणीशेजारी बसले होते. आत तिच्या बाबांचं अंग गार करून, हृदय थांबवून ऑपरेशन चालू होतं. समोरच्या बाकावर नवऱ्याचं प्लास्टर निघण्याची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाई न बघता ऐकत होत्या.

“आमची बोट बर्फात अडकली. बर्फ फोडला, तर आत हिरवंगार शेवाळ. जिवंत.”

“बोटीवर तुम्ही कधी होतात?”

“मधे बोलू नकोस. आधीची कितीतरी शेवाळं गारठून मेली. एखादं तगलं, त्याचीच पिल्लावळ वाढली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आता ती असा रस सोडतात, की बर्फाचे काटे त्यांना फाडत नाहीत.”

“आणि गारठ्यात करतात काय?”

“जगणं मंद करतात. मेल्यासारखी दिसतात. ऊब आली की पुन्हा सुरू.”

“बाबा शेवाळ नाहीत, काका.”

“त्याहून चिवट आहे तो. लहानपणी विहिरीत पडला, तर बेडूक धरून वर आला.”

“त्यांना ऊब कधी देणार?”

“दिलीसुद्धा. डॉक्टरांनी मघाशी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय सुरू झालं म्हणून.”

“काका, सकाळपासून तुम्ही माझा हात सोडलेला नाही. बाजूला गेलात कधी?”