वेशीजवळचा भालाईत

बॅलीकॅसलच्या औषधांच्या दुकानात मॅलकी क्विग रांगेत उभा होता. त्याच्या पुढे गावातल्याच दोघी होत्या: बडबडी उना आणि जिचा नवरा फर्गल गेल्या हिवाळ्यात गेला, ती डिम्फना. ऐकायचं नाही म्हटलं तरी उनाचा आवाज कानावर पडणारच.

“आली का गं तुझ्याकडे डिस्क? आपल्या किनाऱ्यावर काढलेल्या त्या सिनेमाची, दुसऱ्या भागाची?”

“आली.”

“थिएटरात मला मेली झोपच लागली होती. नुसता चिखल आणि आरडाओरडा! पण डिस्कवर लढाई काय झकास केलीय! सगळी नव्याने जोडलीय म्हणे.”

“हो. वेशीजवळ धूर घातलाय.”

“तो धूर तर फारच छान! आमची पोरं म्हणाली, पहिल्या भागापेक्षा हाच सरस.”

“त्या धुराच्या जागी आमचा फर्गल होता.”

“काय सांगतेस!”

“हातात भाला घेऊन. गर्दीसाठी गावातलीच माणसं घेतली होती ना? ओरडायचं सोडून हा बाबा हसला. थिएटरात दिसायचा. मी रोज जायची. तो हसला, की उठून घरी यायची.”

“मग जा की अजून एकदा.”

“सिनेमा उतरला गं. कंपनीला फोन केला, तर म्हणाले, आता सगळीकडे हाच नवा. जुना कुठेच मिळणार नाही.”

“अगं, पण फोटो असतील ना त्याचे?”

“ढीगभर आहेत.”

“मग?”

“फोटोत तो हलत नाही, उना.”