गाईनं चाटलेली भिंत

"हॅलो?… हॅलो? हो जी, अड्याळच… नागपूरचा लावला होता, हो… बरं, थांबते."

चंद्रकलेने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, काठोकाठ भरलेली घागर धरावी तसा. कोपरापर्यंत पांढरी माती वाळून कडक झाली होती. ब्याऐंशी साली अड्याळात फोन मोजक्याच घरी होते. त्यातला हा एक, पुंडलिकरावांच्या धानाच्या दुकानातला. सकाळी नऊला लावलेला ट्रंक कॉल लागायला साडेअकरा झाले, आणि तेवढा वेळ ती पोत्यावर बसून बोलायची वाक्यं मनात घोकत होती. पलीकडून घंटी ऐकू आली तशी ती सगळी वाक्यं पळून गेली.

"हॅलो… कोण? घरमालकीणबाई का जी?… वरच्या धनीरामची वहिनी बोलून राहिली मी, अड्याळहून. आत्याबाईले बलावता का खाली?… हो, सासू माझी. डोळ्याचं आपरेशन झालं, त्याच… हो, थांबते ना."

थांबणं लांबलं. नागपूरच्या जिन्यावरून गोदावरीबाई एकेक पायरी चाचपत उतरत असतील, हे चंद्रकलेला इथून दिसत होतं.

"हॅलो… आत्याबाई?… मी चंद्रकला… चंद्रकला जी, तुमची सून… मोठी… नाई, नाई, कोणाले काही झालं नाई… पोरी बऱ्या आहेत… हे बी बरे आहेत, बैल घेऊन गेले वावरात… अवो, फोन केला म्हंजे कोणी मेलंच पायजे का? सहज केला… हॅलो? काही ऐकू येऊन नाई राहिलं… आत्याबाई, तुमी तो उलटा धरला असन. जिकून तार निंगते ना, ते टोक तोंडाकडे… हं. आता आलात… मी ओरडून नाई राहिली, तुमी ओरडून राहिल्या.

"डोळा कसा आहे?… चष्मा आला? कवा?… हो का… कॅलेंडरवरची तारीख दिसते, खाटेवरून?… बारीकवाली तिथी बी?… मंग तर माह्यापेक्षा चांगले झाले तुमचे डोळे… सत्यवतीच्या कोपऱ्यातले जाळे दिसले? तिले नका सांगू बरं. ती धाकटी सून आहे, तिले लागते… सांगून बसल्या? बरं.

"घराचं सांगते ना, त्यासाठीच केला. छपराचे कवेलू फेरून झाले… दरसालचा गडी, मंगरूच आला होता, तीन दिवस लागले. यंदा वांदरांनी लय फोडले, मोहाच्या झाडावरून सिध्ये आपल्या घरावर… हो, जुने निवडून ओसरीकडे टाकले अन् नवे मांगं. तुमी सांगतलं होतं तसंच… नाई, उंदराची बिळं बी बुजवली… धानाची ढोली बाहेर काढली, उन्हात ठेवली. तिच्याखाली तुमचा सरोता सापडला… मी कायले लपवीन जी तुमचा सरोता? मी सुपारी खाते का?… मंग? दोन वर्सं माह्यावर आळ घेतला ना तुमी… हो, पुसून ठेवला आहे. गंजला नाई."

मध्येच ऑपरेटर आला.

"काय जी?… तीन मिनिटं झाले? वाढवा, वाढवा."

पुंडलिकरावांनी वहीतून डोळे वर केले आणि पुन्हा खाली घातले.

"हं, आत्याबाई… भिंतीचं?… भिंतीचंच सांगायचं होतं."

भिंतीचं सांगायचं म्हणजे मागच्या पाडव्याचं सगळं आलं. त्या घरात पाडव्याआधी ओसरीच्या भिंतीला पांढरी माती लावायची ती गोदावरीबाईंनीच. बाकीच्या खोल्या सुनेने पोताव्या, पण ओसरीची भिंत गल्लीला दिसते, ती सासूची. मागच्या वर्षी मोतीबिंदू पिकला होता, फडकं फिरे तिथे माती बसे आणि मधली जागा तशीच राही. चार शेजारणी ओसरीत बसलेल्या असताना चंद्रकला बोलून गेली होती, "आत्याबाई, सोडा ते फडकं, वाघासारखे पट्टे निंघाले भिंतीवर." शेजारणी हसल्या. गोदावरीबाईंनी फडकं टोपलीच्या काठावर ठेवलं आणि हात धुतले. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. माघात धनीरामने त्यांना ऑपरेशनसाठी नेलं. डॉक्टरने मोकळं करून महिना झाला होता, तरी चंद्रकलेच्या नवऱ्याच्या, जागेश्वरच्या, प्रत्येक पत्राला एकच उत्तर येई, पुढल्या आठवड्यात पाहू.

सासू रागावली आहे, ती आता येत नाही, हे चंद्रकलेने मनाशी पक्कं धरलं होतं. नवऱ्याला ती हे सांगू शकली नव्हती, आणि पाडवा आठ दिवसांवर आला होता.

"हो, ऐकून राहिली जी… आतल्या खोल्या झाल्या. चांगल्या झाल्या. ओसरी बी केली, म्हंजे… केली होती. आता नाई आहे… आता कसं सांगू? हसू नका पहिले… आपली गाय भिंत चाटते… गाय जी, गाय. मोरी… ओसरीची भिंत. जीभ पोचते तितली सारी चाटून टाकली, मांगची माती दिसून राहिली… सोमवारी पोतली, मंगळवारी चाटली. मी पुन्हा पोतली, आज पहाटे पुन्हा… बांधली ना जी, दावं तोडलं तिनं. वासरू खालून चाटते, मोरी वरून. आज तर शकुनबाईची म्हैस बी आली, गल्ली पार करून… हो, लोक पाहाले येतात. पोट्टे सांगून राहिले एकमेकाले.

"माती? दरसालचीच. मंगरूनंच आणली, तळ्यावरून, बोडीच्या पाळीवरून… त्यालेच बोलली ना मी. म्हणलं, कुठची घाणेरडी माती उचलून आणली बाप्पा… त्यानं टोपली घेतली अन् उठून गेला… हो… समजते मले, पण तवा राग आला ना.

"भिजवली तीन दिवस… गाळली, जुन्या लुगड्यातून… पेज टाकली, टाकल्याशिवाय कशी धरन माती… भाताचीच… कोणती पेज म्हंजे? घरची… सकाळच्या हंडीतली… उरली होती ते. पोरी पेतात ना सकाळी, त्यातलीच… हो… हो, मीठ तर…"

रिसीव्हर कानाला होता पण चंद्रकलेला ओसरी दिसत होती, आणि भिंतीला तोंड लावून डोळे मिटलेली मोरी.

"…मीठ होतं त्यात. पोरी अळणी पेत नाईत जी, हंडीतच टाकते मी… हो… दोन्ही वेळा… दोन्ही वेळा तीच."

पलीकडून खरखर ऐकू आली. लाइन बिघडली असं वाटून तिने रिसीव्हर हलवला. मग तिच्या लक्षात आलं, म्हातारी हसत होती. वर्षभरात तिने हे हसणं ऐकलं नव्हतं. पट्ट्यांच्या त्या दिवसापासून नव्हतंच ऐकलं.

"हसा. सारं अड्याळ हसून राहिलं, तुमीच बाकी होत्या… नाई, जागेश्वरले… ह्यांले कळलं नाई अजून, मीठ म्हणून. ते गाईलेच वेडी म्हणतात… नका ना सांगू धनीरामले… मागंच उभा आहे? बरं. मंग झालं.

"आता काय करू?… सारी खरडू? पार मूळ मातीपर्यंत?… नाई, ते समजलं, मीठ रायलं तं पाऊसकाळात भिंत ओल धरन… नवी माती भिजत घालते… अळणी पेज, हो, ते आता मरेपर्यंत ध्यानात रायन माह्या."

ऑपरेटर पुन्हा आला. "वाढवा जी," चंद्रकला म्हणाली, आणि या वेळी विचारायच्या आतच.

"आत्याबाई… एक आयका. भिंत मी खरडते, माती भिजवते. पण लावाले तुमी या… नाई, बोलू द्या मले. मागल्या पाडव्याले मी जे बोलली ना, चौघीत… पट्ट्यांचं… ते माह्या मनात नव्हतं. तोंडातून गेलं. तवापासून मी… तुमी रागावल्या, हे बरोबरच आहे. पण आता या… हॅलो?… आत्याबाई?… आहे का जी?"

दुकानात कोणी धान मापत होतं, ते थांबलं. तिने दुसरा कान तळहाताने झाकून घेतला.

"हो, आयकते… काय?… राग नाई? मंग?… लाज? कोणाची लाज जी?… अवो… कायले पण?… चष्मा लावला तवा काय दिसलं?… सत्यवतीच्या भिंतीवरचे जाळे. हं… मंग?"

ती ऐकत राहिली. नुसतं "हं", आणि मग पुन्हा "हं". पुंडलिकरावांनी नंतर आपल्या बायकोला सांगितलं, की इतका वेळ ऐकणारी बाई त्यांनी त्या फोनवर पाहिली नव्हती.

"…म्हंजे तुमाले वाटलं, घरी आलं का आपल्या हातचं बी सारं दिसन. चार-पाच सालांचे पट्टे… अन् चुलीमांगची काजळी… अन् म्या ते रोज पायलं असन… पायलं ना जी. पायलं, अन् तुमी झोपल्या का दुपारी हळूच पुसून घेत होती… हो. भांडे बी. तुमी घासले का मी पुन्हा घासत होती… तुमाले माहीत होतं? कवापासून?… मंग बोलल्या काहून नाई?… हो, मी बी नाई बोलली. एकाच दिवशी बोलली अन् तेबी तसं.

"रडून नाई राहिली. माती गेली नाकात… ते जाऊ द्या. आता कोणाची लाज अन् कोणाची काय. तुमच्या भिंतीवर पट्टे होते, माह्या भिंतीवर तं जनावरं जेवून राहिले. गल्लीत विचारा, कोणाची भिंत जास्त बिघडली ते… हो, माहीच. मीच पयली आली, काही वाद नाई.

"येता?… खरंच?… धनीराम सोडाले येते का?… एकट्या?… मंग लाखांदूरची गाडी धरा, अन् कंडक्टरले सांगून ठेवा अड्याळ म्हणून. मागल्या वेळी झोप लागली अन् आसगावले पोचल्या होत्या… ते कंडक्टरची चूक होती, हो, मान्य… मंगरूच्या घरी?… जाते. आजच जाते, इथूनच… सांगन ना, माती चांगली होती, मीच मीठ टाकलं म्हणून… दोन्ही गोष्टी सांगन. पाया पडू का आता त्याच्या?… बरं, चहाले बलावते.

"हो… हो… तुमी आल्याशिवाय फडकं नाई लावत भिंतीले… कवा येता पण? कोणत्या दिवशी?… हॅलो?… दिवस सांगा ना… हॅलो?… हॅलो?"

काही नाही. नुसता दूरचा वाऱ्यासारखा आवाज. चंद्रकलेने आणखी दोनदा हॅलो म्हटलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. त्यावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते, ते पदराने पुसून घेतले. पुंडलिकराव काय विचारणार ते तिला कळलं होतं.

"येते म्हणल्या… दिवस नाई समजला, त्याच्या आतच कटला… नाई जी, पुन्हा नका लावू. दिवस विचारला तं पुन्हा विचार करत बसतीन त्या."

"मी रोज जाईन गाडी पाहाले," ती म्हणाली, आणि मंगरूच्या घराच्या रस्त्याला लागली.