मोकळा गडी आणि टाकीची सावली

हसा खुशाल, पण माझं गणित आजही बरोबर हाय.

आपल्या बीडात नुकतीच केबल आलती. विदेशातला फुटबॉल बघून मी पेटलो. पाय प्लास्टरात होता, म्हणून रोज दुपारी चारला खाली मैदानात आमच्या टीमची प्रॅक्टिस सुरू झाली की शाळेच्या गच्चीवर बसायचो. दर मिनिटाला कोण कुठं उभा हाय ते आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडायचो, अन् पास कुणाला देता आला असता ते शोधायचो. पंधरा दिवसांनी उत्तर एकच निघालं. फळवाला गफूर, कडुलिंबाच्या कडेला, कायम मोकळा!

कप्तान सलीम म्हणाला, "त्याला कुणी पासच देत न्हाई बे."

"म्हणूनच द्या. न बघता लिंबाकडं मारा."

परळीवाल्यांशी फायनल त्याच मैदानावर सकाळी नऊला होती. लिंबाकडं मारलेले दोन पास बाहेर गेले. तिसरा त्यांच्या पोरानं उचलला अन् गोल केला. गफूर पार समोरच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी उभा.

मी गच्चीवरून ओरडलो, "गफूर, लिंब सोडून तिकडं काहून गेलास?"

"भाई, लिंबाची सावली मैदानात दुपारी येती. सकाळी टाकीची असती. जन्मभर फळाचा गाडा लावतोय, एवढं कळतं मला!"

हाफटाइमला सलीम वर आला, तवा मी कागद उलटा फिरवून त्याला दाखवला. "आता टाकीकडं मार. गणित तेच हाय."

गफूरनं सावलीतून पाय बाहेर न काढता दोन गोल करून दिले.