सरपंचबाई बिनविरोध

हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... अगं चिमे, तू होय! हळू बोल... नाही, तू कशाला, मीच हळू बोलते. स्वयंपाकघरात उभी आहे. माझ्या बाहेरच्या खोलीत अख्खी पंचायत बसलीय.

...कोण कोण म्हणजे? सगळेच. आमचे उपसरपंच आहेत... हो, तोच, माझ्या दिरांचा थोरला. मास्तर आहेत, गिरणीवाली आहे, आणखी दोघं आहेत. शिपाईसुद्धा आलाय, तो मागच्या पायरीवर बसून पेपर वाचतोय. चहा ठेवायच्या निमित्तानं आत आले तेव्हा तुझा फोन घेता आला.

...निघाले? कुठली निघतेय! पिशवी काल संध्याकाळीच भरून ठेवलीय. दाराशी आहे. तिच्यावर मास्तरांनी छत्री ठेवलीय आणि छत्रीवर चष्म्याचं घर. आता मास्तर उठल्याशिवाय पिशवी उचलता येत नाही, आणि मास्तर गुडघ्यामुळे उठत नाहीत.

...ऐक ना. ऐक तर. हो, हो, म्हटलं होतं मी, सरपंचकी सोडून तुझ्याकडे राहायला येते म्हणून. गेल्या निवडणुकीला म्हटलं होतं, त्याच्या आधीच्यालाही म्हटलं होतं, सगळं लक्षात आहे माझ्या. पण यंदा खरंच सगळं जमवून आणलं होतं गं! तुला सांगितलं नाही, म्हटलं, एकदम दारात येऊन उभी राहीन... 

...काय जमवलं ते सांगते, हसू नकोस. मला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. लहानपणापासून. आई म्हणायची ना, हिला विहिरीत उडी मार म्हटलं तर ही विचारेल, आत्ता मारू का जेवून मारू?... हां, तेच. तर पुतण्या अर्ज घेऊन आला, पाचजण भोवती उभे, मी सही केली. पण मनात म्हटलं, सही करायला काय जातंय, पडले म्हणजे झालं! निवडणुकीत पडलेल्या बाईला कोण अडवतं? लोक उलट म्हणतात, बरं झालं, आता विश्रांती घ्या.

...अगं पडायचं म्हणजे समोर कोणीतरी तगडं हवं ना. मग मी शोधलं. आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणवाली राहते बघ... हो, तुझे परकर तिनंच शिवले. हुशार आहे, कोणाला घाबरत नाही, हिशेबाला चोख. तिला मीच म्हटलं, उभी राहा. ती म्हणे, काकू, तुमच्यासमोर? म्हटलं, लोकशाही आहे बाई, समोर कोणीतरी लागतंच. राहिली उभी.

...नाही ना थांबले तेवढ्यावर! तिथंच तर माती खाल्ली. मी घरोघर गेले. नळावर गेले, गिरणीत गेले. सगळ्यांना सांगितलं, यंदा मत हिला द्या, पोरगी चांगली आहे... हो, मी! स्वतः उभी असून!... हस, हस. मलाही तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

...मग काय व्हायचं? गाव म्हणायला लागलं, बघा, काय मन आहे बाईचं! स्वतःच्या विरोधातल्या उमेदवारासाठी मतं मागते! असा माणूस शोधून मिळणार नाही. जे गेल्या वेळी मला शिव्या देत होते ना नळाच्या पाण्यावरून, ते पाया पडायला लागले. आणि आज सकाळी ती शिवणवाली स्वतः आली. गळ्यात मापाची टेप तशीच. डोळ्यांत पाणी. म्हणे, काकू, तुम्ही माझ्यासाठी दारोदार फिरलात, अशा बाईसमोर मी उभी राहिले तर माझी आई मला घरात घेईल का? मी अर्ज मागे घेऊन आले.

...हो ना! मागे घेऊन आले म्हणे! जाऊ दे. मी भिंत धरून उभी. तिला वाटलं, मला गहिवरून आलं.

...आता? आता मी बिनविरोध. म्हणजे तीन वाजेपर्यंत मी माझा अर्ज मागे घेतला नाही तर बिनविरोध. आणि मागे घ्यायचा तर स्वतः कचेरीत जाऊन सही करावी लागते. कचेरी पलीकडच्या गावात. पंचायतीची गाडी नेमकी तेल भरायला गेलीय. सकाळपासून तेलच भरतेय.

...मुद्दाम? मुद्दाम नाही गं, वाईट नाहीत ती माणसं. त्यांच्या वॉर्डात जोरात लढत आहे ना. वर माझं नाव बिनविरोध असलं की त्यांचीही नौका पार होते, एवढंच त्यांना दिसतं. पुतण्या तर आल्याआल्या म्हणाला, काकू, तुम्ही काही करू नका, नुसत्या बसा. मी म्हटलं, अरे बसायचाच तर कंटाळा आलाय!... मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, चहा टाकू का?

...थांब हं. ...काय गं?... नाही नाही, तू बस, मी आणते. साखर सापडलीय मला. बस तू. ...गिरणीवाली होती. मदतीला येते म्हणून दर पाच मिनिटांनी डोकावते. मी दिसते की नाही बघते बहुतेक.

...आणि दुसरं असं, चिमे, की शिवणवाली गेली आणि मीही गेले, तर जागाच रिकामी राहते. मग वरून कोणी अधिकारी येऊन बसणार. आमच्या दारासमोर नळाच्या लाइनीचा चर अर्धा खणून ठेवलाय. खिडकीतून दिसतोय आत्ता, वर दोन फळ्या टाकल्यात, म्हातारी माणसं हात धरून ओलांडतात. पुतण्या म्हणतो, काकू, तुम्ही सोडलंत तर हा खड्डा असाच राहील. आता ह्यावर काय बोलायचं माणसानं?

...हो. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा असं नव्हतं. तुला आठवतं? तू आली होतीस दोन दिवसांसाठी. पंचायतीच्या बाकावर झोपली होतीस सभा संपेपर्यंत. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, हलले की ठक् वाजायचं. सगळे पुरुष माझ्या डोक्यावरून ह्यांच्याशी बोलायचे, हे मागे उभे असायचे. आणि हे म्हणाले, मला काय विचारता, ठक् वाजतंय तिकडे विचारा. ...हो! तेच! आपण दोघी किती हसलो होतो रात्री. तेव्हा गावात फोन एकच होता, पंचायतीत. तुझा फोन आला की शिपाई सायकल दामटत बोलवायला यायचा आणि मी पिठाच्या हातानं धावत जायची. निम्मा वेळ धापा टाकण्यातच जायचा...

...काय पडलं?... तुझ्याकडे, तुझ्याकडे. मला आवाज आला. ...पेला? भरलेला होता का?... हाताला भाजलं नाही ना? ...असा कसा निसटला?

...बरं. बरं, मांजर म्हणतेस तर मांजर. मला वाटलं, मांजर गेलं मागच्या वर्षी.

...हं. ते राहू दे. किती वाजले गं? माझं घड्याळ बाहेरच्या खोलीत, बघायला गेले तर धरतील. तुझं समोरच आहे ना भिंतीवर... हो, तेच मोठं, काळ्या काट्यांचं. किती झाले?

...शेजारणीला कशाला विचारतेस? तुझ्या डोळ्यांसमोर आहे घड्याळ.

...चिमे.

...चिमे, दुसराही गेला का डोळा?

...कधी? ...आणि डॉक्टर काय म्हणाले? ...आणि मला सांगितलं नाहीस? मी इथे गावभर मतं मागत फिरतेय आणि तू तिथे उकळता चहा पेल्याबाहेर ओततेयस?

...नाही, रागावले नाही. रागावले नाही गं. रडू नकोस.

...माहीत आहे मला. इकडे ये असं म्हणणार नाही मी. तुझ्या घरात तुला प्रत्येक उंबरा पायानं माहीत आहे, कुठला डबा कुठे ते हाताला माहीत आहे. इथे आलीस तर पाटावर बसवलेल्या बाहुलीसारखी बसून राहशील. आणि दारात हा खड्डा. यायचं ते मलाच यायचंय. ...हे बघ, फोन ठेवू नकोस. मी बाहेर जाते आणि सांगते त्यांना. आत्ताच. तू नुसती कानाशी धरून ऐक, म्हणजे मला धीर येईल.

...हं. ...हे बघा, सगळ्यांनी जरा ऐका. ...नाही, चहा उकळतोय, चहाचं नाही. मला काही सांगायचंय. मी असं ठरवलंय की... अहो मास्तर, उठू नका, बसा बसा! तुमचा गुडघा... लेप लावता की नाही अजून? लावा हो. ...काय?... नाही, ते नव्हतं सांगायचं. मी म्हणत होते की, ह्या वेळी मला... तू कधी आलीस गं? अशी उंबऱ्यात का बसलीस, आत ये. डोळे पूस बघू. रडण्यासारखं काय केलं मी तुझ्यासाठी? ...अरे, टाळ्या नकोत. टाळ्या कशाला. ...साखर कोणाला कमी?

...हॅलो. ...ऐकलंस ना सगळं? मास्तरांच्या गुडघ्याची चौकशी करून आले. ...शिवणवाली येऊन बसलीय गं, माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघतेय. तिच्या तोंडावर कसं सांगू, की मी तुझ्यासाठी नाही, माझ्या सुटकेसाठी फिरत होते?

...हो, चहा उतू गेला. वास आला का तुला तिथवर? ...काय करू, चिमे? पाच माणसं बाहेर, एक मागच्या पायरीवर, गाडी नाही, आणि आत मी, फडकं हातात.

...कसला आवाज? ...टाळ्या वाजवतायत. ...तीन वाजले असणार.

...झालं. झाले मी बिनविरोध.

...अभिनंदन कसलं करतेस मेले! ...पुढच्या वेळी? पुढच्या वेळी आपण दोघी असू का? ...असं बोलायचं नाही, मग कसं बोलायचं? पुतण्या काकू म्हणतो, गाव सरपंचबाई म्हणतं. ताई म्हणणारी तू एकटी उरलीयस. तुझ्यासाठी यायचंय असं समजू नकोस, दया वगैरे काही नाही. मलाच कोणीतरी ताई म्हणायला हवंय उठल्यापासून झोपेपर्यंत. ...

...थांब, पुतण्या आला. ...काय रे? ...हो, ऐकल्या टाळ्या. ...गाडी आली? आता आली? ...भरलं का तेल? छान. ...काय म्हणालास? परत म्हण. ...नाही, मोठ्यानं म्हण, सगळ्यांना ऐकू दे. "काकू, आता तुम्ही म्हणाल तसं."

...चिमे, ऐकलंस? मी म्हणेन तसं म्हणतोय.

...मग असं कर. ती दाराजवळची पिशवी उचल आणि गाडीत ठेव. ...हो, छत्री मास्तरांना दे. ...कचेरीत नाही जायचं. फोटो नको. धाकटीकडे जायचंय. ...हो, आत्ता. ...पंचायत? तू उपसरपंच आहेस की शोभेचा ठोकळा? तुझ्यासमोर बसलीय ना ती टेपवाली, तिला सभेला बोलाव आणि ती सांगेल ते ऐक. ...अरे बाबा, चर बुजवायला सरपंच लागत नाही, फावडं लागतं! मजूर उद्या येतात की नाही ते तू बघायचं, आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायचं. नाही आले, तर मी तिथून ओरडेन, तुला इथवर ऐकू येईल. ...पहिल्या सभेला येईन ना. गाडी पाठव, येईन. सह्या करीन, परत जाईन. ...काय बघतोस? मी नाही कुठं म्हटलंय? सरपंच आहेच मी. तुम्हीच केलंत.

...हॅलो, चिमे, आहेस ना? ...बसतेय गाडीत. गिरणीवालीनं दार उघडून धरलंय माझ्यासाठी, विश्वास बसेल का तुला? मघापर्यंत मला नजरेआड होऊ देत नव्हती. ...कोणी अडवत नाही गं. निवडून दिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते त्यांनाही येत नाही.

...नाही, सुटलीस असं म्हणू नकोस. महिन्यातून बोलावतील, दोनदा बोलावतील, जावं लागेल. फोन तर वाजतच राहील, झोपेतसुद्धा. पण जाऊन परत तुझ्याकडे यायचंय, इकडे नाही. ...

...अंधार पडायच्या आत पोचते. ...काही करून ठेवू नकोस. चुलीजवळ जाऊ नकोस, पेल्याच्या काचा पडल्या असतील तिथे पाय ठेवू नकोस, मी आल्यावर झाडते. ...आणि कडी आतून लावलीस का? ...मग राहू दे. उठू नकोस तू. मी खिडकीतून हात घालून काढीन. ...हो, मावतो अजून हात. ...चल, गाडी हलली. ठेवते. बसून राहा हं, आहेस तिथे.